इंग्रजीतून स्वाहिलीत जायचंय? मराठीवरून जा

दार एस सलामला आल्यावर पहिल्याच वर्षी मी एका लहान दवाखान्याच्या सूचना इंग्रजीतून स्वाहिलीत करून द्यायला लागले. पात्रता म्हणाल तर नवऱ्याची बदली, मोकळा वेळ आणि एक जाडजूड कोश. बाळांच्या लसीकरणाची पाटी करायची होती. इंग्रजीत नुसतं 'दहा वाजता' होतं. कोशात दहाला कुमी, वाजण्याला सा. मी लिहिलं, 'सा कुमी'. त्या दिवशी सकाळी नर्स तयार, लसींचा थंड डबा तयार, बाकावर मात्र एकही बाई नाही. दुपारी चारला बायका पोरांना पाठीशी बांधून एकेक करत आल्या. चूक त्यांची नव्हतीच. स्वाहिलीत सा कुमी म्हणजे दुपारचे चार.

पुढच्या काही वर्षांत अशा बऱ्याच फजित्या झाल्या. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडते. टांझानियात किंवा केनियात नोकरीधंद्यासाठी येणारे, ज्यांना कामगारांना निरोप लिहावा लागतो, दुकानाची पाटी करावी लागते, औषधाची चिठ्ठी समजावून सांगावी लागते, त्यांच्यासाठी हे आहे. माझं म्हणणं एकच: समोरचं इंग्रजी वाक्य आधी घरच्या मराठीत बोलून बघा आणि मग स्वाहिली शोधा. लांबचा वळसा वाटेल, पण हाच जवळचा रस्ता. मराठी कुठे खड्ड्यात घालते तेही शेवटी सांगते.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- एक इंग्रजी-स्वाहिली कोश. दार एस सलाम विद्यापीठाच्या स्वाहिली संशोधन संस्थेचा, म्हणजे पूर्वीच्या 'तुकी'चा, नवख्याला पुरतो.
- एक स्वाहिली-स्वाहिली कोश. त्याच संस्थेचा 'कामूसी या किस्वाहिली सानिफू' १९८१ पासून प्रमाण मानतात. पहिले सहा महिने उघडणार नाही, नंतर खाली ठेववणार नाही.
- एक वही. त्यात शब्द अक्षरानुसार लिहू नका, प्रसंगानुसार लिहा: बाजार, बस, आजारपण, भाडं, माफी.
- दोन माणसं. एक पन्नाशीपुढचं, एक विशीतलं. दोघांचं एकमत झालं तर शब्द पक्का समजायचा.
- एक-दोन कांगा. हे बायकांचं छापील कापड. प्रत्येक कांग्यावर तळाशी एक ओळ छापलेली असते: म्हण, टोमणा किंवा आशीर्वाद. कारियाकूच्या बाजारात दुकानदाराला त्या ओळीचा अर्थ विचारा, फुकटचा वर्ग होतो.
- मोबाइलवरचं भाषांतराचं ॲप चालेल, पण फक्त शब्द आठवून देण्यापुरतं. त्याने दिलेलं वाक्य जसंच्या तसं भिंतीवर चिकटवू नका.

१. आधी स्वर सांभाळा

स्वाहिली आज रोमन लिपीत लिहितात, पूर्वी अरबी लिपीत लिहायचे. इथे मी देवनागरीत देते आहे. प्रत्येक अक्षर पुरतं म्हणायचं, शेवटचा स्वर गिळायचा नाही, आणि जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर द्यायचा. हाबारीत 'बा'वर, कारिबूत 'रि'वर. म्तोतो, म्हणजे मूल, यात ओठ मिटून आधी 'म्' वेगळा म्हणायचा, मग तोतो. आपल्याला 'क्वचित' म्हणता येतं, तेव्हा हेही जमतं.

शेवटच्या स्वराची थट्टा नको. कुमी म्हणजे दहा. त्यातल्या 'मी'चा 'मा' झाला तर चारचौघांत उच्चारू नये असा शब्द होतो. भाजीवालीकडे दहा टोमॅटो मागताना माझं हे एकदा झालंय. ती हसली, आजूबाजूच्या सगळ्याच हसल्या, आणि बराच काळ मी दहाच्या ऐवजी नऊच मागायचे.

२. घड्याळ उलटं वाचा

विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर सहाच्या आसपास उगवतो, म्हणून तासांची मोजणी उगवतीपासून. सकाळचे सात म्हणजे सा मोजा, पहिला तास. दुपारचे बारा म्हणजे सा सीता, सहावा तास. संध्याकाळचे सात पुन्हा सा मोजा. सोपी युक्ती: काटा जिथे आहे त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. दहासमोर चार, म्हणून सकाळचे दहा म्हणजे सा न्ने.

सापळा दोन ठिकाणी आहे. एक, आकड्यात लिहिलं तरी हीच गोष्ट. पाटीवर 'सा ४:०० आसुबुही' असेल तर ते सकाळचे दहाच. दोन, वेळेपुढे आसुबुही (सकाळ), म्चाना (दुपार), जिओनी (संध्याकाळ), उसीकू (रात्र) यातलं काहीतरी लिहायलाच हवं. मी ते गाळलं आणि बायका चारला आल्या.

वारांचंही असंच. आठवडा शनिवारी सुरू होतो: जुमामोसी म्हणजे पहिला. म्हणून सोमवार जुमातातू, म्हणजे तिसरा, आणि बुधवार जुमातानो, पाचवा. पुढचा गुरुवार अल्हामिसी, तो अरबीतून आलेला, त्याचाही अर्थ पाचवाच. एका आठवड्यात दोन पाचवे वार. यावर वाद घालण्यात अर्थ नाही, पाठ करा.

'परवा'साठी इंग्रजीला चार-पाच शब्द जोडावे लागतात, स्वाहिलीला नाही. फक्त गेलेला परवा म्हणजे जूझी आणि येणारा परवा म्हणजे केशो कूत्वा. आपला एकच परवा दोन्हीकडे धावतो, त्यांचा धावत नाही.

३. शब्द बाजूला ठेवा, प्रसंग बघा

इंग्रजीत 'सॉरी' हा एकच शब्द सगळीकडे पुरतो. स्वाहिलीत आधी ठरवावं लागतं की चूक कोणाची. माझा धक्का लागला, मी मध्येच बोलले, तर सामाहानी. तुम्हाला ताप आहे, तुमची बस चुकली, तुम्ही उन्हात ओझं वाहताय, तर पोले. पोलेत माफी नाही, सोबत आहे. काम करणाऱ्याजवळून जाताना 'पोले ना काझी' म्हणतात, प्रवासातून आलेल्याला 'पोले ना सफारी'. कोणी ठेचकाळलं की आपण 'अरेरे, लागलं का?' म्हणतो ना, ते पोले. तिथे सामाहानी म्हणालात तर समोरचा गोंधळतो: यानेच पाडलं की काय मला? आणि 'डॉक्टर आज नाहीत, क्षमस्व' अशी पाटी लिहायची असेल तर तिसराच शब्दप्रयोग लागतो, 'तुनाओंबा राधी'. तो कार्यालयी आहे, तोंडी वापरू नका.

'प्लीज'ला कोशात ताफाधाली आहे आणि नवखा प्रत्येक वाक्याला तो जोडतो. आपण तरी घरात 'कृपया पाणी द्या' म्हणतो का? कृपया हा रेल्वे स्टेशनवरचा शब्द. घरात 'जरा पाणी देता का' म्हणतो. तसंच इथे 'नाओंबा माजी', मी पाणी मागते, एवढं म्हटलं की नम्रपणा त्यात आलाच. ताफाधाली पाटीवर शोभतो, किंवा खरोखर काकुळतीला आल्यावर.

'नो'चंही तसंच. नव्या ओळखीत लग्नाबद्दल, मुलांबद्दल विचारतातच. मुलं नसतील तर हापाना, म्हणजे नाही, असं उत्तर दिलं की दार आपटल्यासारखं वाटतं. म्हणायचं 'बादो', अजून नाही. पन्नाशीच्या अविवाहित माणसालाही बादोच म्हणताना मी ऐकलंय. आणि 'जेवला नाहीस का?' याला आपण 'हो, नाही जेवलो' म्हणतो, तेच स्वाहिलीत चालतं: 'न्दियो, सिजाला'. इंग्रजीच्या वळणाने 'नाही, नाही जेवलो' केलंत तर नको तिथे फाटा फुटतो.

'आय मिस यू' हे माझं आवडतं उदाहरण. कोशातून 'चुकणं, हुकणं' उचललंत तर 'मला तू सापडला नाहीस' असं काहीसं होतं. मराठीत आपण काय म्हणतो? तुझी आठवण आली. स्वाहिलीत 'निमेकुकुंबूका', आठवलास. झालं काम.

नमस्काराशिवाय मुद्द्यावर येऊ नका, पत्रातही नाही. वडीलधाऱ्यांना 'शिकामोओ', त्यांचं उत्तर 'माराहाबा'. बरोबरीच्यांना 'हाबारी' आणि पुढे कशाची खबर ते: कामाची, घरची, सकाळची. उत्तर 'न्झुरी', छान. दात ठणकत असला तरी आधी न्झुरी, मग दात.

४. एक इंग्रजी शब्द, चार स्वाहिली

इथे मराठी माणसाचं पारडं जड आहे, म्हणून जरा थांबते.

'वॉश' घ्या. भांडी कुओशा, कपडे कुफुआ, हात-तोंड कुनावा, अंगाला कुओगा. आपणही भांडी घासतो, कपडे धुतो, अंघोळ करतो. 'राइस' घ्या. शेतात उभं असेल तर म्पुंगा, पोत्यात म्चेले, ताटात वाली. साळ, तांदूळ, भात. 'कोकोनट' घ्या. नाझी म्हणजे पिकलेला नारळ, दाफू म्हणजे शहाळं, म्नाझी म्हणजे माड, आणि म्बाता म्हणजे सुकं खोबरं. कोकणातल्या कोणालाही हे एका वाक्यात कळतं. इंग्रजीवरून आलेला माणूस मात्र शहाळ्याच्या गाडीवर उभा राहून नाझी मागतो.

नाती तर विचारूच नका. दवाखान्यात 'अंकलची सही' असा रकाना होता. अंकल कोण? आईचा भाऊ म्जोंबा. वडिलांचा थोरला भाऊ बाबा म्कूब्वा, म्हणजे मोठे बाबा, आणि धाकटा बाबा म्दोगो. आत्या शांगाझी. मावशी मामा म्दोगो किंवा मामा म्कूब्वा, आईहून लहान की मोठी त्यावर. आणि नणंद-भावजय एकमेकींना म्हणतात 'विफी'. हो, रोमन लिपीत अगदी 'वाय-फाय'सारखाच लिहितात. आमच्या मोलकरणीने फोनवर 'विफी' म्हणून हाक मारली तेव्हा मी उठून राउटर बघून आले.

'टेक' या शब्दाला तर कोशात हातच लावू नका. फोटो 'टेक' करायचा तर पिगा पीचा, बस 'टेक' करायची तर पांदा बासी (चढायचं), गोळी मेझा (गिळायची), वेळ मात्र चुकुआ. मराठीत म्हणून बघा: फोटो काढ, बसमध्ये चढ, गोळी गीळ. मूळ क्रिया कोणती ते लगेच कळतं.

लग्नाचं क्रियापद पुरुषाला वेगळं, बाईला वेगळं. पुरुष कुओआ करतो, बाई कुओलेवा, म्हणजे केली जाते. दोघांचं मिळून कुओआना. पटो न पटो, फॉर्मवर उलटं लिहिलंत तर खिडकीवरचा माणूस हसतो.

'ओल्ड' वस्तूला वेगळा, माणसाला वेगळा. म्झे म्हणजे वयस्क, आणि तो मानाचा शब्द. मंत्र्यालाही म्झे म्हणतात. 'हॉट'चेही वाटे पडतात, पण काली हा शब्द शिकून ठेवा: कडक ऊन, तिखट मिरची, धारदार सुरी, चावरा कुत्रा, सगळ्यांना काली. फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' असं लांबलचक लिहायची गरज नाही. दोन शब्द दिसतील: म्ब्वा म्काली. केनियात उघड्यावर काम करणाऱ्या लोहार-सुतार-पत्रेवाल्यांच्या धंद्यालाच 'जुआ काली', कडक ऊन, असं नाव पडलंय.

५. नामांची घरं ओळखा

मराठीत तीन लिंगं. स्वाहिलीत लिंग नाही, पण नामांची घरं आहेत, त्यांना न्गेली म्हणतात. एकवचन-अनेकवचन धरून ती पंधराच्या वर भरतात. घाबरू नका. 'चांगलं पुस्तक हरवलं, चांगली पुस्तकं हरवली' असं सगळं वाक्य नामाच्या मागे फिरवायची सवय आपल्याला आहेच. तिथे ते शब्दाच्या शेपटाला होतं, इथे डोक्याला. किताबू किझुरी किमेपोतेआ, एक पुस्तक हरवलं. विताबू विझुरी विमेपोतेआ, अनेक हरवली.

किताब मूळ अरबी. त्यातला 'कि' हा आपल्याच 'कि' घराचा असं समजून स्वाहिलीने अनेकवचन विताबू केलं. इंग्रजांनी रस्त्याच्या गोल चौकावर 'कीप लेफ्ट' लिहिलं, त्याचं झालं किपिलेफ्ती. अनेक चौक असतील तर? विपिलेफ्ती. कारियाकू हे बाजाराचं नावही पहिल्या महायुद्धातल्या 'कॅरिअर कोअर' या हमालांच्या पलटणीवरून आलंय. इंग्रजी शब्द उचललात तरी त्याला कोणत्या तरी घरात बसवावंच लागतं, हे ध्यानात ठेवा.

औषधाच्या पाकिटावर हे उपयोगी पडतं. एक गोळी किदोंगे किमोजा, दोन गोळ्या विदोंगे विवीली, दिवसातून तीनदा कूत्वा मारा तातू. घर चुकलं तरी रोगी समजून घेतो. पण माणसाचं घर वस्तूला किंवा वस्तूचं माणसाला लावू नका. म्हिंदी म्हणजे भारतीय, अनेक झाले की वाहिंदी. माहिंदी म्हणजे मका. 'येथे वाहिंदी भाजून मिळतील' अशी पाटी अजून कोणी लावलेली नाही, पण मी एकदा तोंडी म्हटलंय.

६. क्रियापदाच्या डब्यात काय काय भरलंय ते बघा

एक शब्द सोडवू: निताकुपिगिया. नि म्हणजे मी, ता म्हणजे पुढे होणार, कु म्हणजे तुला, पिग म्हणजे मारणं (स्वाहिलीत फोनही 'मारतात'), इया म्हणजे 'साठी'. मी तुला फोन करीन. त्यातला 'इया' गळला तर निताकुपिगा: मी तुला मारीन. मी हे घरमालकाला निरोपात पाठवलं होतं. त्यांचा लगेच फोन आला, भाडं वाढवणार नाही म्हणाले.

ही शेपटं मराठीला ओळखीची आहेत. शिकणे-शिकवणे, परतणे-परतवणे हा आपला 'व' तिथे 'शा' होतो: कुरूदी परतणं, कुरूदिशा परत करणं. कुकोपा उधार घेणं, कुकोपेशा उधार देणं. कूला खाणं, कुलिशा भरवणं. इंग्रजीत प्रत्येकाला वेगळा शब्द आहे म्हणून कोशात वेगळं शोधत बसू नका, मूळ धातू शोधा आणि शेपूट लावा.

तो-ती नाही, हे मात्र त्रासाचं. 'तो तिला म्हणाला' हे सगळं 'आलिम्वांबिया' या एका शब्दात मावतं आणि कोण कोणाला म्हणालं ते कळत नाही. इंग्रजीत सर्वनाम असेल तिथे स्वाहिलीत नर्स, रोगी, दुकानदार असं नाव घाला.

७. मारणं आणि खाणं

वाक्प्रचारांना स्वाहिलीत नाहाऊ म्हणतात, आणि त्यांचा राजा कुपिगा, मारणं. पिगा सीमू फोन करणं, पिगा पासी इस्त्री मारणं, पिगा म्लूझी शिट्टी मारणं, पिगा म्बीझी बुडी मारणं, पिगा सोगा गप्पा मारणं, पिगा तेके लाथ मारणं. मराठी माणसाला इथे भाषांतर करावंच लागत नाही. जिथे जोडी जुळत नाही तेवढं लिहून ठेवा: मत देणं पिगा कूरा, शिंकणं पिगा चाफ्या, दात घासणं पिगा म्स्वाकी.

खाण्याचंही तसंच. लाच खातात (कूला रुश्वा), तोटाही खातात (कूला हासारा). 'आमेकूला चुंवी न्यिंगी', त्याने खूप मीठ खाल्लंय, म्हणजे वय झालंय, चार पावसाळे जास्त पाहिलेत. गोष्टीत मीठ घातलं, कुतिया चुंवी, की ते आपलं तिखटमीठ लावणं. तिकीट कापतात (काता तिकेती), आशाही कापतात (काता तामाआ, हताश होणं). आणि ज्याने 'पीठ सांडलं', आमेम्वागा उंगा, त्याची नोकरी गेली.

शरीराच्या अवयवांत सर्वात जास्त फसगत होते. वुंजिका मोयो शब्दशः काळीज तुटणं, म्हणून प्रेमभंगाला वापराल. नाही, तो खचून जाण्याचा, धीर सुटण्याचा शब्द. लांब हाताचा माणूस चोर. 'म्कोनो वा बिरिका', किटलीचा हात, म्हणजे कंजूष: किटलीचा कान तसाच आखडलेला असतो. आणि उंगा म्कोनो, हात जोडणं, म्हणजे नमस्कार नव्हे, पाठिंबा देणं. आपल्या डोक्यातलं चित्र पुसल्याशिवाय हे बसत नाहीत.

८. म्हणीला म्हण द्या, शब्दाला शब्द नको

मुसळधार पावसाला इंग्रजीत कुत्री-मांजरं पडतात. ती स्वाहिलीत पाडू नका, 'म्वूआ कूब्वा', मोठा पाऊस, पुरे. सांडलेल्या दुधाबद्दल रडणं इथेही आहे, पण दुधाऐवजी पाणी: माजी याकिम्वागिका हायाझोलेकी, सांडलेलं पाणी गोळा होत नाही. वेळेवर टाका घालण्याच्या जागी भिंत येते: उसिपोझीबा ऊफा उताजेंगा उकूता, भेग बुजवली नाहीस तर भिंत बांधावी लागेल. दुरुस्तीखात्याच्या पाटीला ही फार चांगली.

फार स्वयंपाकी झाले की इंग्रजीत रस्सा बिघडतो. हा किनारा गलबतांचा, इथे जहाज डोलतं: नाहोधा वेंगी, चोंबो हुएंदा म्रामा. नाहोधा म्हणजे जहाजाचा कप्तान. आपल्या किनाऱ्यावरचा नाखवा तो हाच, दोघांचंही मूळ फारसीत. थेंबे थेंबे तळे साचे याला हाबा ना हाबा हुजाझा किबाबा, थोड्या थोड्याने मापटं भरतं. उथळ पाण्याला खळखळाट फार, याला देबे तूपू हालियाची कुवूमा: रिकामा डबा वाजायचा थांबत नाही. त्या देबेत डबा ऐकू येतो की नाही?

अर्थ जवळचा पण रोख वेगळा असेही नमुने आहेत. आपली 'गरज सरो, वैद्य मरो' कृतघ्नाला टोमणा मारते. स्वाहिलीत तीच गोष्ट बजावून सांगतात: उसितुकाने वाकुंगा ना उझाझी उंगालिपो, बाळंतपणं अजून व्हायची आहेत तोवर सुईणींना शिव्या देऊ नकोस. इंग्रजीतल्या 'मागचे पूल जाळू नका' याला मी हीच वापरते. उधारीच्या पाटीला कुकोपा हारूसी, कुलिपा मातांगा: घेताना लग्न, फेडताना सुतक. दुकानात लावा, भांडण न करता काम होतं.

म्हण सापडली नाही तर साधं वाक्य लिहा. ओढूनताणून बसवलेली म्हण वाचून लोक आशयापेक्षा लेखकालाच हसतात.

९. नव्या वस्तूंचे शब्द: कोश की रस्ता?

टांझानियात १९६७ पासून बाकिता नावाची राष्ट्रीय स्वाहिली परिषद आहे, ती शब्द घडवते आणि प्रमाणित करते. ईमेल बारुआ पेपे, पासवर्ड नेनोसीरी (गुप्त शब्द), टॅबलेट किशिक्वांबी, मोबाइल सीमू या म्कोनोनी, हातातला फोन. विमानतळ उवांजा वा न्देगे: न्देगे म्हणजे पक्षीही आणि विमानही. सकाळची न्याहारी किफुंगुआ किन्वा, तोंड उघडणारं. हे शब्द सुंदर आहेत आणि चालतातही. पण फ्रिजला जोकोफू लिहिलंत तर दहातले आठ जण फ्रीजी म्हणतात हे विसरू नका. सरकारी कागदाला बाकिताचा शब्द, दुकानाच्या पाटीला रस्त्यावरचा, असं मी ठरवून टाकलंय. केनियात काही शब्द वेगळे, म्हणून कागद कुठे वाचला जाणार ते आधी विचारा. संगणक टांझानियात कोंप्यूता, केनियाच्या शाळेत ताराकिलिशी.

रिक्षाला इथे बाजाजीच म्हणतात. आकुर्डीच्या कंपनीचं नाव जातिवाचक झालंय, दुसऱ्या कंपनीची रिक्षा असली तरी बाजाजी. गारी, चापाती, बीमा, रांगी, बरीच ओळख लागते. लाखाला लाकी म्हणतात आणि घरभाडं लाकीत सांगतात. ते ऐकून मला आधी धस्स व्हायचं, मग शिलिंगात मोजलं की जीव भांड्यात पडायचा.

१०. मराठी कुठे दगा देते

काका म्हणजे भाऊ. दादा म्हणजे बहीण. मामा म्हणजे आई. हे भिंतीवर लिहून ठेवा. बसचा कोंदा, म्हणजे कंडक्टर, मला 'दादा, दादा, पुढे सरका' म्हणून ओरडला तेव्हा मी मागे वळून कोण दादा आहे ते पाहत राहिले. बाबा तेवढे वडीलच.

सीता म्हणजे सहा, साबा म्हणजे सात. आपला कान सीताला सात समजतो आणि पैसे चुकतात. ओळखीचा वाटणारा बेपारी तर महागात पडतो. मूळ आपला व्यापारी, पण आज अर्थ भांडवलदार, आणि उजामाच्या, म्हणजे टांझानियातल्या समाजवादी धोरणाच्या, काळापासून तो कौतुकाचा शब्द नाही. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी शेक्सपिअरच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याचं १९६९ साली स्वाहिली केलं, तेव्हा शीर्षकात माबेपारी घातलं. राष्ट्राध्यक्षाने ते विचार करूनच घातलं असणार. तुम्ही मात्र गिऱ्हाइकाच्या ओळखपत्रावर म्फान्याबियाशारा लिहा.

११. तपासून घेताना काय विचारायचं

'बरोबर आहे का?' असं कधी विचारू नका. पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून सगळे न्दियो म्हणतात. पाटी वाचायला द्या आणि विचारा, 'हे वाचून तू काय करशील?' गोळीची चिठ्ठी असेल तर गोळ्या हातात द्या आणि दिवसभरात कशा घेणार ते मोजून दाखवायला सांगा. वेळ लिहिली असेल तर विचारा, 'तू घरून कधी निघशील? तेव्हा ऊन कुठे असेल?'

लसीकरणाची दुसरी पाटी मी दवाखान्याच्या रखवालदाराला अशीच दाखवली. त्याने ती दोनदा वाचली, वर आभाळाकडे पाहिलं आणि हाताने पूर्वेकडचा, डोक्यापासून जरा खालचा कोपरा दाखवला. त्या कोपऱ्यात सकाळी दहाला सूर्य असतो. मग पाटी लावली.